ळ

शेवटचा प्रसंग माझ्या आवाजात आहे.
हे श्रेयनामावलीत नाही, नसावं असंच ठरलं होतं
आरामनगरच्या त्या स्टुडिओत, जिथे एसीचं पाणी बादलीत ठिबकायचं
आणि टेकच्या आधी कुणीतरी उठून
बादलीत फडकं टाकायचं, थेंब वाजू नये म्हणून.

केतन वायंगणकर. वय सव्वीस. भांडुप.
जनरेटरच्या घरघरीत त्याचा मूळ आवाज वाया गेलेला,
आणि डबिंगच्या तारखेला आठ दिवस असताना
तो गेला.

हेडफोन लावून घरघरीच्या खालून
मी त्याला पुन्हा पुन्हा ऐकलं:
'वेल झाली. किल्ली फलीवर ठेवलीय.'
म्हटलं, घाईत असेल बिचारा.
मी 'वेळ' म्हणालो. 'फळीवर' म्हणालो. स्वच्छ,
पाठांतराचं बक्षीस मिळवलेल्या पोरासारखा.
काचेपलीकडे दिग्दर्शकानं अंगठा दाखवला
आणि तोच अंगठा डोळ्यांना लावला.
साडेचार हजार, टीडीएस कापून.

पुरस्काराच्या बैठकीचं मला नंतर कळलं.
एक परीक्षक म्हणाले, गेलेल्याला बाहुली देऊन काय,
तो थोडाच पुढच्या वर्षी मानधन वाढवून मागणार?
बाई म्हणाल्या, म्हणूनच द्या.
ज्याला उपयोग नाही, त्याला दिलेलंच खरं.
तिसऱ्याला प्रश्न पडला, मोजायचं काय?
केलेलं काम, की राहिलेलं?
तेव्हा कुणीतरी शेवटचा प्रसंग पुन्हा लावला.
मग कोणी काही बोललं नाही म्हणे. चहा गार झाला.

तीन विरुद्ध दोन.

ती दोन मतं पुंडलिक मोंडकरांची.
बत्तीस वर्षं हवालदार, पंच, नायिकेचा मामा,
'साहेब, बॉडी सापडली' एवढंच सांगायला दारातून येणारा माणूस.
यंदा पहिल्यांदा त्यांच्या संवादांना एक पान पुरलं नव्हतं.
केतनचं नाव पुकारलं तेव्हा सभागृहात
सगळ्यांत आधी तेच उभे राहिले, भाड्याच्या कोटात,
आणि सगळ्यांत शेवटी बसले.
जेवणाच्या रांगेत मला म्हणाले,
त्याच्याशी काय स्पर्धा करणार, त्याचं वय वाढत नाही.
मग जिलबी दोनदा घेतली.

द्यावा की देऊ नये?
मला विचारू नका. मी पैसे घेतलेत.

पडद्यावर त्याचे ओठ हलले, मी बोललो,
अख्खं सभागृह रडलं.
त्याची आई रडली नाही. ती ऐकत होती,
मान जराशी तिरकी करून,
शेजारच्या खोलीत कोण आलंय ते ओळखावं तशी.

नंतर जिन्यापाशी गाठ पडली.
पालिकेच्या रुग्णालयात रक्ताच्या नळ्या सांभाळलेले हात,
बाहुलीही तशीच धरलेली, उभी, आतलं काही सांडेल अशी.
मी म्हणालो, नमस्कार, मी...
तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं.
'तो ळ तुमचा ना?'

बालवाडीपासून नाही आला त्याला, ती सांगू लागली.
पोळ्या लाटता लाटता म्हणून घ्यायचे,
कावळा, सकाळ, बाभळीचं झाड,
तो 'कावला' म्हणायचा आणि हसत सुटायचा.
पुढे लेखक ओळखीचे झाले,
'वेळ' खोडून 'उशीर' लिहून द्यायचे.
या एका प्रसंगात राहून गेलं कुणाचं तरी.

मी म्हणालो, चुकलं माझं.
'चुकलं कुठे? चांगला म्हटलात.'
तिनं बाहुली या हातातून त्या हातात घेतली.
'त्यालाही आला असता.
तिशीपर्यंत आला असता.'

त्या रात्री घरी न्हाणीघराची कडी लावून
मी 'वेल' म्हणून पाहिलं.
वेल. वेल झाली. वेल.
जीभ आपली आपण वर वळायची,
टाळूला जाऊन टेकायची,
शहाण्यासारखी.